घरातल्या मुलावर संशय आला तेव्हा : तुमचे अनुभव

वैशाख_वणवा
2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सोमवारी, 21 जुलै 2025 ला, बाराही जणांना निर्दोष सोडलं. 2015 ला त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. एकजण तर 2021 मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेला. ते वाचलं आणि पुढचं काही वाचवेना.

आमच्या घरचं प्रकरण याच्या नखाएवढंही नाही, पण घर मोडायला तेवढं पुरलं. धाकटा भाऊ तालुक्याला एका पतसंस्थेत क्लार्क होता. तिजोरीत रक्कम कमी भरली. चाव्या तिघांकडे, त्यात पाठीशी कोणी वजनदार माणूस नसलेला हाच. भर पंगतीतून उचलला, हात धुवायलाही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी अण्णा, म्हणजे आमचे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस ठाण्यात गेले. ते निवृत्त मास्तर. बरोबर प्लॅस्टिकची फाईल, त्यात त्याची दहावी-बारावीची गुणपत्रिका, स्काउटचं सर्टिफिकेट, वक्तृत्वाची बक्षीसपत्रं. साहेबांना दाखवतो म्हणाले. साहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. त्यानंतर अण्णांनी ठाण्याची पायरी चढली नाही आणि घरात त्याचं नाव काढलं नाही.

जामिनाला जामीनदार हवा, त्याचा ऐपत दाखला हवा, म्हणजे त्याच्याकडे तेवढी मालमत्ता असल्याचा सरकारी कागद. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर काकांचंही नाव. काका म्हणाले, माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत, मी सही करणार नाही. आईने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. नाहीच. शेवटी मामाने स्वतःच्या शेतावर जामीन दिला. त्या दिवाळीत वाटणी झाली आणि अंगणात भिंत आली.

पुढे पैसे दुसऱ्याच चावीवाल्याने उचलल्याचं निघालं, भावाच्या बाबतीत पोलिसांनी 169 चा रिपोर्ट दिला, म्हणजे पुरावा नाही. पकडला तेव्हा पेपरात फोटो होता. सुटल्याची एक ओळ कुठे आली नाही. तो चाकणला कंपनीत लागला. गणपतीलाही येत नाही.

ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांनी लिहा. नाव-गाव नको.

कोयनाकाठ
ताई, फाईलचं वाचून गलबलून आलं. भाऊ अण्णांशी बोलतो का आता?

वैशाख_वणवा
आईशी रोज रात्री फोन. अण्णा शेजारी बसून ऐकतात, ती फोन स्पीकरवर ठेवते. त्याला ते माहीत आहे. तब्येतीचं वगैरे जरा मोठ्याने सांगतो.

रानजाई
😢 काकांचंही थोडं समजतं हो. पोरींचे बाप असतात त्यांची वेगळीच भीती असते. माझ्या सासऱ्यांनी सख्ख्या पुतण्याला वास्तुशांतीला बोलावलं नव्हतं, नुसतं चौकशीला बोलावलं होतं त्याला. आजवर त्या दोन घरांत जाणंयेणं नाही. वांगी भाजायला ठेवलीत, नंतर लिहिते.

फलाट_सहा
या प्रकरणात मी दुसऱ्या बाजूला आहे. माहीमच्या स्फोटात माझा आतेभाऊ गेला. एकूण 189 माणसं गेली, आठशेच्या वर जखमी. आत्याने इतकी वर्षं रोज देवासमोर ज्यांना शाप दिले ते हे नव्हतेच, असं कोर्ट म्हणतंय. मग कोण होते? सोमवारी ती टीव्हीसमोरून उठलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुरुवारी सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत आधार म्हणून धरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत घालायचं नाही. आत्याला एवढंच कळलं की अजून संपलेलं नाही. निर्दोष माणसाला डांबलं की खरा मोकळा राहतो, आणि आमच्यासारख्यांचीही फसवणूकच होते. त्या बारा घरांतल्या आयांबद्दल मला राग नाही. कधीच नव्हता, हे मला या आठवड्यात नीट कळलं.

वैशाख_वणवा
तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. आत्यांना नमस्कार सांगा.

मोसम_नदी
मी मालेगावचा. आमच्याकडे 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेलेले आमचे आणि पकडलेली नऊ पोरंही आमचीच. 2011 ला जामीन मिळायला लागले, एप्रिल 2016 मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं. ज्याचं घर तुटलं तो जाणे, मी फक्त शेजाऱ्यांचं सांगतो. माझ्या वालिदांच्या ओळखीतल्या एका घराचं माग चालवायचं काम बंद पडलं, कारण सूत उधार द्यायला कोणी तयार नाही. आतंकवाद्याच्या भावाला उधारी कोण देणार? भावाने मग दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी धरली. त्याला कोणी अटक केली नव्हती.

पालावरचा
आमच्याकडे चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी आमच्या पालावर, म्हणजे तंबूंच्या वस्तीवर येते. मी पारधी. पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत जन्मले. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने आमच्यासारख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या, म्हणून तिथे कोंडलेले. तो कायदा जाऊन 31 ऑगस्ट 1952 ला आमचे लोक विमुक्त झाले, दरवर्षी तो दिवस आम्ही पाळतो. कागदावर संपलं. गावाच्या डोक्यातून नाही गेलं.

माझ्या लहानपणी तालुक्यात घरफोडी झाली की आई सगळ्या पोरांना उसात झोपायला पाठवायची. थंडी असो, पाऊस असो. मोठ्या भावाला सतराव्या वर्षी उचललं. आईने शेळ्या विकून वकील दिला. वहिनीच्या घरच्यांनी तिला परत नेलं, पोटुशी होती. आमच्यात पंचांसमोर बसावं लागतं, तिथेही पैसे गेले. भाऊ सुटला. साक्षीदारच ओळखेना त्याला. पण वहिनी आली नाही. तो मुलगा आज चौदा-पंधराचा असेल. भावाने त्याला लांबून एकदा बाजारात पाहिलंय.

बाप म्हणायचा, शिकून काय होणार, फोटो तर ठाण्यातच लागायचा. या एका वाक्यावरून आईबापाचं कायम भांडण. आईने मला दहावीच्या परीक्षेला मावशीकडे दुसऱ्या जिल्ह्यात ठेवलं, का तर मध्येच उचलला तर पेपर बुडेल. हॉलतिकीट तिने ब्लाऊजमध्ये ठेवलं होतं, रोज सकाळी काढून द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. आज मी सरकारी नोकरीत आहे. चारित्र्य पडताळणीला ठाण्यात गेलो तेव्हा पाय लटपटत होते.

कोयनाकाठ
दादा, हात जोडते तुमच्या आईला. आहेत ना?

पालावरचा
आहे. अजून घरात पोरं उशिरा आली की दारात उभी.

शुभदा_म
माझ्या मुलाने खरंच केलं होतं. इथे कोणी हे लिहिलं नाही म्हणून लिहिते. पुण्याला शिकायला होता. कोणाला तरी स्वतःचं बँक खातं वापरायला दिलं कमिशनवर. त्या खात्यात फसवणुकीचे पैसे आले. परराज्यातले सायबर पोलीस दारात. त्याला वाटलं यात काय गुन्हा, मी कुठे कोणाला लुटलं. कोणा म्हाताऱ्याची पेन्शन गेली होती त्यात. ते कळलं तेव्हा तो रडला, पण रडून पैसे परत येत नाहीत.

ह्यांनी सांगितलं, आजपासून आपल्याला एकच मुलगी. मी तुरुंगात त्याला भेटायला एकटी जायची. घरी सांगायची भजनी मंडळाचा कार्यक्रम आहे. जाळीच्या पलीकडे तो, सगळे एकदम ओरडतात, काही ऐकू येत नाही. मी नुसती बोटांनी विचारायची, जेवलास का. लेकीला सगळं माहीत होतं, ती मला स्टँडवर सोडायची. आता तो जामिनावर आहे, माझ्या भावाकडे राहतो. खटला चालू आहे. शिक्षा झाली तर भोगेल. पण मी त्याची आईच राहणार आणि ह्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

रानजाई
शुभदाताई, मिठी. मोठी मिठी. काही लागलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी कोल्हापुरात आहे.

निंबाळ
तुरुंगात घरचा डबा चालतो का हो? आमच्या गल्लीतल्या एका मावशी विचारत होत्या, मुलगा कळंब्याला आहे.

शुभदा_म
कोर्टाची परवानगी लागते, आम्हाला नाही मिळाली. कॅन्टीनसाठी मनीऑर्डर करायची. तारखेला कोर्टात आणतात तेव्हा बरोबरच्या पोलिसांना विचारून काही देता आलं तर बघा, पण तेही त्यांच्या मर्जीवर. मी शेंगदाण्याची चटणी न्यायची, बहुतेक वेळा परत आणायची.

रानजाई
आमच्या सोलापूरकडची चटणी का? पाट्यावरची? महिनाभर टिकते ती.

शुभदा_म
हो, तीच. लसूण जास्त. त्याला तशीच आवडते.

काळा_कोट
वकील आहे, लोकलमध्ये आहे, भराभर लिहितो. अटकेनंतर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायलाच हवं. घरच्यांना कळवणं बंधनकारक, सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा डी. के. बसू निकाल आहे. दोषारोपपत्र 60 दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात 90 दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क, पण अर्ज स्वतःहून करावा लागतो, कोणी आठवण करत नाही. आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं तिथे जा. शेळ्या विकू नका. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की लगेच जामिनाचं बघा. दादर आलं.

पालावरचा
वकीलसाहेब, हे आमच्या आईला तेव्हा कोणी सांगितलं नाही. कॉपी करून पालावरच्या ग्रुपला टाकतो.

निंबाळ
ऐपत दाखला कुठे मिळतो? त्या मावशींनाच लागणार आहे. सातबारा दिरासोबत सामाईक आहे त्यांचाही.

वैशाख_वणवा
सेतूत अर्ज करायचा, दाखला तहसीलदार देतात. तलाठ्याचा अहवाल लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून आजच जायला सांगा. सामाईक असेल तर दिराची संमती मागतील. ते नाही म्हणाले तर माहेरचं कोणी आहे का विचारा. शिवाय रोख जामिनासाठी कोर्टाला विनंती करता येते, तेही वकिलाला विचारून ठेवा. मावशींना एकटीला पाठवू नका, कोणीतरी बरोबर जा.

निंबाळ
मीच जाते उद्या. सुट्टी टाकली.