लांब पल्ल्याच्या रायफलसाठी स्कोप: आधी मॅग्निफिकेशन की आधी टरेट?

धागाकर्ता: स्कोप घेताना पहिला प्रश्न बहुधा "किती एक्स?", म्हणजे किती पट मोठे दिसते, असा येतो, आणि माझ्या मते तिथेच गाडी रुळावरून घसरते. हजार मीटरवरचे लक्ष्य दिसणे तितकेसे अवघड नाही. टरेट (नेम वर-खाली सरकवणारी स्कोपवरची फिरती कळ) जेवढा फिरवला तेवढाच नेम सरकणे, हे अवघड. माझ्या आधीच्या स्कोपसाठी मी बरोबर 100 मीटरवर उंच कागद लावून ओळंब्याने उभी रेघ आखली, तळाशी पाच गोळ्या मारल्या आणि 10 मिल (1 मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) चढवून पुन्हा पाच मारल्या. दोन्ही गटांच्या मध्यांत 100 सेंटिमीटर अंतर हवे होते, भरले 98. ही दोन टक्क्यांची चूक हजार मीटरसाठी 9 मिल चढवणाऱ्याला सुमारे 18 सेंटिमीटर खाली उतरवते. म्हणून आधी खात्रीचा टरेट, मग फर्स्ट फोकल प्लेनमधील, म्हणजे मॅग्निफिकेशनबरोबर लहान-मोठे होणारे, रेटिकल (काचेतल्या नेमाच्या रेघा-खुणा), आणि 25 एक्सच्या वर एक पैसाही नाही.

प्रतिसाद 1: असहमत. आपण बदलत्या अंतरांवर, घड्याळ लावून होणारी नेमबाजी गृहीत धरली आहे. एफ-क्लासमध्ये (रायफल टेकवून, पालथे पडून होणारी लांब पल्ल्याची स्पर्धा) अंतर ठरलेले असते, सुरुवातीच्या चाचणी गोळ्यांतच उंचीची चूक निघून जाते आणि त्यानंतर टरेट दोन-चार क्लिकांपलीकडे हलत नाही. 1000 यार्डांवर दहाचे वर्तुळ 10 इंचांचे आणि त्यातले सर्वांत आतले, 'एक्स' नावाचे, 5 इंचांचे. तिथे फर्स्ट फोकल प्लेनची रेघ मॅग्निफिकेशनबरोबर जाड दिसू लागते, सेकंड फोकल प्लेनची, म्हणजे मॅग्निफिकेशन बदलले तरी न बदलणारी, बारीकच राहते. मला 40 एक्स हवे आणि ते मी वापरतो.

धागाकर्ता: चाचणी गोळ्यांचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षातच आला नव्हता. परंतु सेकंड फोकल प्लेनच्या खुणा एकाच मॅग्निफिकेशनवर खऱ्या असतात. 25 एक्सवर जी खूण 1 मिलची, ती 12.5 एक्सवर 2 मिलची होते, आणि घाईत हा हिशेब चुकतोच. शिवाय 56 मिलिमीटरच्या काचेतून 40 एक्सवर डोळ्यापर्यंत जेमतेम 1.4 मिलिमीटरचा प्रकाशझोत पोहोचतो, म्हणजे मान जराशी हलली की चित्र काळवंडते. दुपारच्या मिराजमध्ये (तापलेल्या हवेच्या थरथरीत) तर वर्तुळ पाण्यात बुडाल्यासारखे डुलते.

प्रतिसाद 1: मान हलते ती उभ्याने किंवा अडथळ्यावर टेकून मारणाऱ्याची, आम्ही बायपॉडवर (रायफलच्या पुढच्या दोन पायांच्या आधारावर) पालथे पडलेलो असतो. आणि मिराज मला दिसायलाच हवा, कारण वाऱ्याची दिशा तोच सांगतो. फार उकळू लागला तर मी 28 एक्सवर येतो. मात्र 25 वर थांबणाऱ्या स्कोपला वर जाण्याची सोय नाही.

प्रतिसाद 2: दोघांनीही पॅरॅलॅक्स (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसणे) सोडून दिला, याचे आश्चर्य वाटते. रायफल पक्की टेकवावी, लक्ष्याकडे पाहत डोके किंचित वर-खाली करावे. रेटिकल लक्ष्यावरून सरकत असेल तर बाजूची चकती अजून जुळलेली नाही. चकतीवर छापलेल्या आकड्यांवर मी विसंबत नाही. जिची चकती हजार मीटरच्या आसपास केसभर फिरवताच जुळणी बिघडते, ती दुर्बीण, 25 एक्सची असो वा 40 ची, मी तरी परत करीन.

धागाकर्ता: पटले. "25 एक्सच्या वर एक पैसाही नाही" हे वाक्य मी एफ-क्लासपुरते मागे घेतो. उंच कागदाची परीक्षा मात्र प्रतिसाद 1 यांनीही एकदा करून पाहावी.

प्रतिसाद 1: केली आहे. 99.5 भरले.