मदत हवी आहे: मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटचे अपडेट आपोआप, पण कर्नल सोडून

मित्र सांगलीला, मी पुण्यात. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर मीच विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम असलेलं लिनक्स मिंट २२ (सिनॅमन डेस्कटॉप) टाकून दिलं. सोसायटीचा हिशोब आणि ईमेल, एवढंच त्याचं काम. खालच्या पट्टीत अपडेट मॅनेजरच्या ढालीच्या चिन्हावर लाल ठिपका (म्हणजे अपडेट आलेत) दिसला की तो घाबरतो आणि महिनोन्‌महिने अपडेट करत नाही. गेल्या वेळी केलं, तर मध्येच झाकण मिटलं. अर्धवट राहिलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे भाग) मला दिवाळीत तिथे जाऊन टर्मिनलवरून नीट करावी लागली.

आता अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन चालू केलंय. काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीत नेता यावी म्हणून टाइमशिफ्टचे रोजचे स्नॅपशॉटही लावलेत, डिस्कवर जागा भरपूर आहे. अडचण कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची. वाय-फायचा ड्रायव्हर वेगळा टाकलेला आहे, नव्या कर्नलवर तो बंद पडू शकतो, म्हणून कर्नल मी समोर असतानाच बदलायचा आहे. बाकी सुरक्षा अपडेट मात्र थांबायला नकोत. बँकेचं कामही तो त्याच ब्राउझरवर करतो.

सगळे अपडेट बंद करा, किंवा दुसरी सिस्टीम टाका, हे नको. रिमोटने जोडणं त्याला जमत नाही.

अपडेट मॅनेजरच्या ब्लॅकलिस्टमध्ये (अपडेट न करायच्या पॅकेजेसच्या यादीत) कर्नलची नेमकी कोणती पॅकेजेस घालायची? आणि आपोआप होणारे अपडेट ती यादी पाळतात का, कुणी स्वतः वापरून पाहिलंय?