कोकणात गेमिंग पीसी: पैसा आधी कार्डात की घरच्या विजेत?

खाडीकाठ, मालवण
पुतण्याचा पीसी जुळवतोय. प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०८०, रॅम डीडीआर५ ३२ जीबी. सगळे सांगतात, उरलेले पैसे कार्डातच घाल. मला हे पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर प्रोसेसर बोर्डाच्या सॉकेटात जुळतो की नाही याच्याइतकंच घरची वीज आणि खारी हवा त्या पीसीला मानवते की नाही, हे बघावं लागतं. आधीचा पीसी अडीच वर्षांत गेला. उघडला तर रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट थर आणि कॅबिनेटचे स्क्रू तांबेरलेले. म्हणून ठरवलंय, कार्ड एक पायरी खाली, ५०७० टीआय, आणि वाचलेल्या पैशांत चांगला यूपीएस नि नवीन अर्थिंग.

फ्रेमवाला, रत्नागिरी
चूक करताय, दादा. ५०८० ला ३६० वॅट लागतात, ५०७० टीआय ला ३००. कार्ड उतरवून विजेवरचा भार असा कितीसा हलका होणार? यूपीएस दिवाळीला घेता येईल. कार्ड मात्र एकदाच घेतलं जातं, ४के वर, म्हणजे खूप बारीक चित्रावर, खेळायचं तर तोच पीसीचा जीव. काटकसर करायचीच तर महागड्या मदरबोर्डात करा. बी६५० बोर्डावर ९८००एक्स३डी उत्तम चालतो, फक्त बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झालंय का ते दुकानातच विचारून घ्या.

जांभ्यातला वायरमन, देवगड
दिवाळीपर्यंत थांबायचं म्हणजे जूनच्या विजा आणि अख्खा पावसाळा विनायूपीएस. नको. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. चांगल्या पॉवर सप्लायला शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लहरीची वीज लागते, साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर (स्क्वेअर वेव्ह) बदली होताना पीसी बंद पडू शकतो. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट वाचा. १००० व्हीए चा यूपीएस बहुधा ६०० वॅटच देतो, आणि हा पीसी भर खेळात तेवढ्याच्या आसपास ओढेल.
अर्थिंगचं तर विचारूच नका. जांभ्यात खणलेला खड्डा मे महिन्यात खडखडीत कोरडा होतो. उघड्या पायांनी कॅबिनेटला हात लावलात आणि झिणझिण्या आल्या, तर आधी ते काम.

हर्णैची लाट, दापोली
एवढं करण्यापेक्षा गेमिंग लॅपटॉप घ्या. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हापासून बॅटरी नसलेल्या यंत्रावर माझा विश्वास नाही.

फ्रेमवाला, रत्नागिरी
ताई, लॅपटॉपमधलं ५०८० फार तर १७५ वॅटवर चालतं. नाव तेच, ताकद ती नाही. आणि बॅटरीवर जड गेम धड चालत नाही, तासाभरात संपतेही. खाऱ्या हवेने बोर्ड गेला तर लॅपटॉप पुण्याला पाठवा. पीसीत एक रॅम बदलली की झालं.

जांभ्यातला वायरमन, देवगड
हे मात्र खरं. पावसाळ्यात पीसी रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. प्लास्टिक गुंडाळून ठेवलात तर ओल आतच कोंडते.

खाडीकाठ, मालवण
बोर्डाचं पटलं. बी६५० घेतो, रॅमच्या चारऐवजी दोनच पट्ट्या, म्हणजे ६००० चा वेग मिळायला अडचण नको. तिथे वाचलेल्या पैशांत ५०८० बसलं तर बघू. यूपीएस मात्र पुढे ढकलणार नाही. अर्थिंगवाला बुधवारी येतोय, खड्डा विहिरीच्या बाजूला घ्यायला सांगितलंय, तिथली माती मेमध्येही ओली असते.