ज्वारी काढून पडलीय, रोज संध्याकाळी आभाळ येतंय, पुढच्या आठवड्याचं काय?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या अलीकडं आमची अडीच एकर माळदांडी ज्वारी आहे, चार दिवस झाले काढून, पेंढ्या रानातच आडव्या पडल्यात आणि कणसं मोडायची निम्मी बाकी. कामाला बायका मिळत नाहीत, मळणी मशीनवाला म्हणतोय पाच दिवसांनी नंबर लागंल. आणि हवा बघा कशी चाललीय, पहाटं चादर घ्यावी लागतेय, दुपारी ३८ आणि चार वाजले की वारा पडतो, अंगाला घाम चिकटायला लागतो आणि मग आभाळ काळं होऊन येतं, दोन टिपकं पडतात आणि जातं. फोनवरचं एक अ‍ॅप बुधवारी ६० टक्के म्हणतंय, दुसरं कोरडं ऊन दाखवतंय. बातम्यात यलो अलर्ट, "तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस". आता हे तुरळक म्हणजे आमच्या रानात का शेजारच्या? मागच्या साली असंच "बघू उद्या" करत बसलो आणि सगळा कडबा काळा पडला, म्हशीनं तोंड लावलं नाही. मशीनची वाट बघू का काय करू?

हवापाणी
हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या १०० पैकी जास्तीत जास्त २५ ठिकाणी. म्हणजे चारातलं फार तर एक गाव भिजणार, तीन कोरडी, पण कुठलं ते चार दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही ओ, तुमचं ६० टक्केवालं अ‍ॅप पण नाही. कारण हा पाऊस मान्सूनसारखा पसरून येत नाही. मार्च-एप्रिलला आपल्या डोक्यावर दोन वाऱ्यांची गाठ पडते, एक बंगालच्या उपसागराकडून ओलावा घेऊन येणारं वारं आणि दुसरं वायव्येकडून येणारं कोरडं. बातम्यात द्रोणीय स्थिती, वाऱ्यांची खंडितता म्हणतात ते हेच, विदर्भ-मराठवाड्याकडून कर्नाटकातनं खाली केरळपर्यंत पट्टा असतो. तो पट्टा जरा इकडंतिकडं सरकला की आपली हवा बदलते, म्हणून आज उकाडा उद्या गार. त्यात जमीन दुपारपर्यंत तापली की ओली हवा वर उसळते आणि तीन-चार वाजता कोबीच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहतो. तो ढग मोजून काही किलोमीटर रुंद. त्याच्या खाली जो सापडला तो सापडला. तुम्ही म्हणताय ना वारा पडून गदमदतं, ते लक्षण बरोबर धरलंय, अ‍ॅपपेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवा. यलोचा अर्थ फक्त लक्ष ठेवा, ऑरेंज आला की मात्र तयारीला लागा. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला निघतो, मेघदूत अ‍ॅपवर मराठीत येतो, तो बघत जा.

माळदांडी_३५
मालक, तुरळक-बिरळक सोडा, रानात पसरून का ठेवलालाय ते सांगा आधी. पाऊस येवो न येवो, आधी कणसं मोडून एका जागी आणा की. कडबा भिजला तर काळा पडंल, नुकसान आहेच, पण कणीस भिजलं तर दाणा काळा होतो आणि बाजारात माळदांडीचा पांढरा मोत्यासारखा दाणाच विकतो, रंग गेला की भाव गेला. खाली तुरकाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) टाका, मातीवर ढीग नको. ताडपत्री संध्याकाळी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा, दिवसभर झाकली की आतनं घाम सुटतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा, गरम लागला तर ढीग मोडून पसरा. आणि दाणा दाताखाली घ्या, कट्ट वाजला तर मळायला तयार, चेपला तर अजून ऊन पायजे. मशीनवाल्याला म्हणावं रात्री ये, रात्री मळू. डिझेलचं शंभर-दोनशे जास्त गेलं तर जाऊ दे.
२०१४ ला फेब्रुवारी-मार्चच्या गारा आठवत असतील सगळ्यांना. त्यावेळी आम्ही पण उद्याच करणार होतो.

बेदाणा_शेडवाला
तुमचं निदान झाकता तरी येतं. आमची कासेगावला एक शेडभर द्राक्षं डिपिंग करून (द्रावणात बुडवून) बेदाण्यासाठी वाळत घातलीत, आज सहावा दिवस, खालचे कप्पे अजून मऊ, ढगाळ हवेत वाळायला १५ च्या जागी २० दिवस लागतात आणि हिरवा रंग जाऊन तांबूस पडतो. पडदे खाली करावं तर आत कोंदट, वर ठेवावं तर तिरकी सर आत येते, माणूस झोपू शकत नाही ओ. अजून दीड एकर माल वेलीवर आहे, तो तोडू का नको हेच डोक्यात चाललंय. तोडून टाकला आणि हवा बिघडली तर बेदाणा काळा, ठेवला आणि पाऊस झाला तर गोड झालेला मणी तडकतो. मी आता आठवडाभर तोड थांबवलीय, बरोबर का चूक कळंलच. (कुणाकडं जास्तीची प्लॅस्टिक ताडपत्री असंल तर सांगा, दुकानात भाव एकदम वर गेलाय.)

जुळे_सोलापूर_कर
इथं शेतीचं चाललंय म्हणून गप्प होतो, पण काल आमच्या आईनं गच्चीवर तीन किलो गव्हाच्या कुरडया घातल्या आणि पाच वाजता असलं वारं आलं की धुणं सगळं शेजारच्या गच्चीवर. कुरडया तेवढ्या वाचल्या, पण आता ती मला रोज दुपारी ऑफिसात फोन करून आभाळ विचारते. मी खिडकीतनं बघून सांगतो. मला पण एसीत बसून काय कळतंय.
एक सिरीयस गोष्ट, रानात असताना गडगडायला लागलं की ताडपत्री धरायला लिंबाखाली पळू नका. दामिनी म्हणून अ‍ॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर सांगतं. पाण्याच्या मोटारीजवळ, तारेच्या कुंपणाजवळ पण थांबू नका.

सीनाकाठ
उशिरा लिहितोय, झोप झाली नव्हती. मशीनवाल्याला चहापाणी करून रात्री अकराला आणलं, त्याआधी भाऊ, वहिनी, मी, आई सगळ्यांनी मिळून दोन दिवसात कणसं मोडली. पहाटं साडेतीनपर्यंत मळणी, २२ कट्टे झाले, दाणा पांढराशुभ्र. कडबा निम्माच गंजीला लागला, बाकीचा तसाच आहे रानात.
बुधवारी आमच्याकडं नुसती धूळ उडाली आणि मोजून चार थेंब. बायको म्हणाली एवढ्या घाईचं काय अडलंतं. संध्याकाळी पलीकडच्या काठावरनं पाहुण्याचा फोन आला, त्यांच्याकडं बोराएवढ्या गारा. मधे फक्त नदी आहे ओ.
उरलेला कडबा आज उचलतोय. शेडवाले दादा, आमच्याकडं एक ताडपत्री मोकळी झालीय, मोहोळला येऊन घेऊन जा.