‘ठाण्यात डॉक्टर लगेच मिळतो’ म्हणणाऱ्यांना

घोडबंदरवासी: काल इथे कोणीतरी लिहिलं, “लंडनमध्ये साध्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळायला दोन आठवडे, ठाण्यात तासाभरात एमडी. त्यांच्याकडून काय शिकायचं?” राहवलं नाही. एमडी मिळतो हो, पण किती जण? सासूबाईंचा शुगरवाला पाचपाखाडीला, गुडघेवाला माजिवड्याला, बीपीवाला तिसराच. परवा औषधांची पिशवी पलंगावर ओतली. दोन पाकिटं, नावं वेगळी, आत दोन्हीत मेटफॉर्मिन, तेच शुगरचं औषध. आणि दोन्ही चालू! तिकडे नाव एकाच दवाखान्यात नोंदवलेलं, तातडीचं नसेल तर स्पेशालिस्टकडे सहसा जीपीच्या चिठ्ठीनेच. असला गोंधळ पकडणारं कोणीतरी असतं.

इंग्लंड नको तर ब्राझील घ्या. 1994 पासून 3-4 हजार लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि वस्तीतल्याच आरोग्यसेविका अशी टीम. सेविका महिन्यातून एकदा घरी यायची, कोणी आजारी असो-नसो. आपलं शहरी आरोग्य केंद्र 50,000 मागे एक, तेही कागदावर.

कळव्याचा_पाव्हणा: माझा भाऊ लंडनलाच आहे. पोराचा कान ठणकतोय आणि हा सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसलाय. शेवटी काय, “आजच्या वेळा संपल्या, उद्या करा.” आमच्या कोपऱ्यावरचा होमिओपॅथ रात्री दहाला शटर वर करतो.

घोडबंदरवासी: आणि अँटिबायोटिक देतो. होमिओपॅथ!

कळव्याचा_पाव्हणा: देतो. पोरगं बरं होतं. पुढे बोला.

निवृत्त_सिस्टर: ब्राझील कशाला, आशा सेविका आपल्याकडेही आहेत, गावात 2005 पासून, नंतर शहरात. वस्तीत आमच्या मुलींना पाणी विचारतात, चहा विचारतात. घोडबंदरच्या टॉवरांत वॉचमन विचारतो, “ॲपवर अप्रूव्हल आहे का?” पोलिओच्या मोहिमेत बर्फाची पेटी खांद्याला लावून पोरी गेटवर ताटकळतात. महिन्याला एक भेट म्हणे! आधी गेट उघडा.

वसंतविहारी: आमच्याकडे गॅस तपासायला आलोय सांगून चोरी झाली आहे. उद्या काही झालं तर सेक्रेटरीची मान धरणार, तुमची नाही.

निवृत्त_सिस्टर: ओळखपत्र गळ्यात असतं हो. वहीत सही घेता, सर्व्हिस लिफ्टने पाठवता, आणि पिझ्झावाला मेन लिफ्टने.

वसंतविहारी: पिझ्झावालाही सर्व्हिस लिफ्टनेच जातो. माहिती नसताना बोलू नका.

निवृत्त_सिस्टर: वा! म्हणजे आशा आणि पिझ्झा एका मापाने. धन्यवाद.

ऐरोली_सेक्टर८: लिफ्टमधून बाहेर या दोघंही. मुद्दा पगाराचा आहे. ब्राझीलने 2022 मध्ये घटनादुरुस्ती करून या सेविकांना किमान वेतनाच्या दुप्पट पगाराची हमी दिली. आपल्या आशा “स्वयंसेविका”, त्यांच्या मोबदल्याचा बराच भाग कामागणिक आणि तोही थकलेला. आणि पाव्हण्या, ज्या लंडनला नावं ठेवतोस त्याच्या पिम्लिको भागात 2021 पासून हाच ब्राझीलचा प्रयोग चालू आहे. साहेब शिकतायत, आपल्यालाच लाज वाटते.

कळव्याचा_पाव्हणा: बरं, शिका. पण माझा होमिओपॅथ बंद करू नका.

घोडबंदरवासी: त्याला टीममध्ये घेऊ, फक्त अँटिबायोटिकचं कपाट कुलपात.

वसंतविहारी: पुढच्या मीटिंगला मांडतो, आशांना गेटवर अडवू नये म्हणून. लिफ्टचं कमिटी बघेल.

निवृत्त_सिस्टर: पार्किंगचा विषय संपल्यावर ना? मग नात डॉक्टर होईपर्यंत थांबते.