मदत हवी आहे: ड्रिल हॉल पाडणार आहेत, त्याआधी नोंद कशी करू?

सातपुडा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या इथला जुना ड्रिल हॉल विकला गेलाय, दर्शनी भिंत ठेवून मागचं सगळं पाडणार आणि फ्लॅट होणार. साइटवरच्या माणसाने शनिवारी सकाळी आत सोडायचं कबूल केलंय, सोमवारपासून पत्रे लागले की विषय संपला. आत भिंतीवर एक लाकडी पाटी आहे, त्यावर सैनिकांची नावं रंगवलेली आहेत, नुसती आडनावं आणि आद्याक्षरं. मला दोन गोष्टी हव्यात. इमारतीची नोंद नेमकी कशी करतात, म्हणजे काय मोजायचं, कशाचे फोटो काढायचे. आणि पाटीवरची माणसं कोण होती ते कसं शोधायचं. गूगल करून झालंय. "तज्ज्ञांना विचारा" असं कृपया नको, इथल्या हिस्टरी सोसायटीची मीटिंग शनिवारच्या नंतर आहे.

मुळशीकर:
कुठला हॉल? पुणे कॅम्पातला का? एनसीसीच्या ताब्यात असेल तर आधी बटालियन ऑफिसला लेखी अर्ज द्या, तोंडी परवानगीवर आत जाऊ नका, मिलिटरीच्या जागेत फोटो काढले तर कॅमेरा जप्त होतो, आमच्या ओळखीत झालंय.

रानवारा:
ड्रिल हॉल म्हणजे नक्की काय हो? तालमीसारखं का? फोटो टाका ना एखादा.

सातपुडा:
यूके. हॅम्पशायरमधलं छोटं गाव आहे, नाव इथे लिहीत नाही कारण प्लॅनिंगची प्रक्रिया अजून चालू आहे. फोटो अपलोड होत नाहीयेत, तीनदा एरर आली. ड्रिल हॉल म्हणजे हौशी सैनिकांची कवायतीची जागा, आठवडाभर नोकरी-धंदा करणारी माणसं संध्याकाळी इथे येऊन परेड आणि नेमबाजी शिकायची. आमचं मराठी मंडळ बरीच वर्षं तिथेच गणपती बसवायचं, म्हणून जीव तुटतोय. आता प्लीज मुद्द्याचं सांगा.

जुनी_वीट:
मी कॉन्झर्वेशनमध्ये काम करते, आधी पुण्यात, आता ब्रिस्टलला. सांगते, पण हॉल कधीचा? १८५९ ला फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने व्हॉलंटियर फोर्स उभी राहिली तेव्हाचे हॉल वेगळे आणि १९०८ ला युद्धमंत्री हाल्डेनने हौशी सैनिकांची टेरिटोरियल फोर्स केली त्यानंतरचे वेगळे. दारावर कोनशिला किंवा रेजिमेंटचं चिन्ह आहे का?

तोपर्यंत हे करा. रस्त्याकडचा भाग म्हणजे ऑफिसं, मेस, कधी वर लेक्चरची खोली. मागे मोठा हॉल, मध्ये खांब नसतो कारण कंपनी उभी करायची असते, म्हणून छताच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, लोखंडी की लाकडी, किती, दोन कैच्यांमध्ये अंतर किती, हे सगळ्यात आधी. मग शस्त्रागार शोधा, छोटी खोली, जाड भिंत, खिडकीला गज, दार भक्कम. बंदुका ठेवायच्या घोडीच्या खाचा भिंतीवर राहिल्या असतील तर जवळून फोटो. मग नेमबाजीची रेंज, बहुतेक लांबट बोळ असतो २५ यार्डांचा, टोकाला लोखंडी पत्रा किंवा वाळू. त्या टोकाला काही हलवू नका, खरवडू नका, शिशाची धूळ असते. छताला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ॲस्बेस्टॉस समजूनच वागा, इथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ ला आली. आवाराच्या मागे सार्जंट इन्स्ट्रक्टरचं छोटं घर असायचं, ते लोक कायम विसरतात.

मोजमापं टेपने, कागदावर, पेन्सिलने. प्रत्येक खोलीचे कर्ण पण मोजा, नाहीतर घरी आल्यावर नकाशा जुळत नाही.

आकाशगंगा:
टेप वगैरे कशाला, आयफोन प्रो घ्या, लायडार आहे, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, दहा मिनिटांत अख्खा हॉल थ्री-डीत. मी आमच्या गावचा वाडा असाच केला, सगळे चाट पडले.

जुनी_वीट:
वाड्याच्या खोलीला चालेल. फोनच्या लायडारचा पल्ला साधारण पाच मीटर, ड्रिल हॉलचं छत त्याच्या वर जातं. नेमक्या कैच्याच यायच्या नाहीत, आणि त्याच महत्त्वाच्या.

आकाशगंगा:
मग फोटोग्रामेट्री करा, एकावर एक ६०-७० टक्के येतील असे फोटो काढत जायचं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टेपने चूक होते, फोटोने होत नाही.

जुनी_वीट:
अंधाऱ्या हॉलमध्ये, पांढऱ्या रंगवलेल्या भिंतींवर? सॉफ्टवेअरला पकडायला खूणच नसते तिथे. फोटो जरूर काढा, शेकड्याने काढा, पण प्रत्येक खोलीत एका फोटोत तरी मोजपट्टी दिसली पाहिजे आणि मापं वहीत पाहिजेत. फाइल पन्नास वर्षांनी उघडेल का कोणाला माहीत, कागद उघडतो.

सातपुडा:
तुमचं दोघांचं चालू द्या पण मी एकटा आहे आणि वेळ थोडा आहे. दोन्ही करतो. कोनशिला १९१०. पाटीचं कोणीच सांगत नाहीये.

टेम्सकाठ:
तुम्ही मुळात पाडू का देताय? हिस्टॉरिक इंग्लंड ह्या सरकारी वारसा संस्थेकडे लिस्टिंगचा, म्हणजे इमारत संरक्षित करायचा, अर्ज करा, ऑनलाइन होतो, फी नाही. आमच्या इथे चर्चच्या हॉलसाठी आम्ही सह्या गोळा केल्या होत्या, पेपरमध्ये आलं होतं.

सातपुडा:
ते आधीच होऊन नाकारलं गेलंय, आतले बदल फार झालेत म्हणून. पाडणं थांबवायचा प्रश्न मी विचारलाच नाहीये.

जुनी_वीट:
लिस्टिंग नाही तरी एक करता येतं. परवानगीचे कागद काउन्सिलच्या साइटवर असतात, त्यात पाडण्याआधी इमारतीची नोंद करायची अट घातलीये का बघा. नोंदीच्या चार पातळ्या आहेत, पहिली नुसती बाहेरून वर्णन, चौथी म्हणजे पूर्ण अभ्यास. अट असेल तर बिल्डरला ते काम करून रिपोर्ट द्यावा लागतो आणि तो काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या नोंदसंग्रहात जातो. अट नसेल तर तुमचे फोटो आणि वही त्याच रेकॉर्डला द्या. स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही.

दफ्तरखाना:
पाटीबद्दल. माहिती फार कमी दिलीये तुम्ही. पाटीवर वर काय लिहिलंय? साल? रेजिमेंट? कंपनी? नावांपुढे खुणा? ही मेलेल्यांची यादी आहे की गेलेल्या सगळ्यांची, हे कळल्याशिवाय शोधणार काय?

सातपुडा:
वर हॅम्पशायर रेजिमेंट, ४थी बटालियन, एच कंपनी, १९१४ असं आहे. काही नावांपुढे छोटा क्रॉस आहे. हे सगळं ओघाने आलंच की.

दफ्तरखाना:
नाही आलं ओघाने, ह्याच्यावरच सगळं उभं आहे. एच कंपनी म्हणजे आठ कंपन्यांची जुनी रचना. टेरिटोरियल बटालियनमध्ये १९१५ पर्यंत ए ते एच अशा आठ कंपन्या होत्या, मग चार झाल्या. म्हणजे ही पहिलं महायुद्ध लागताना हॉलमध्ये हजर असलेली किंवा लगेच भरती झालेली माणसं. क्रॉस म्हणजे वारलेले असावेत.

आता क्रम असा. आधी क्रॉसवाले, ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज, म्हणजे युद्धात वारलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या साइटवर आडनाव, आद्याक्षर आणि रेजिमेंट टाकून सापडतात. तिथून सैनिक क्रमांक मिळतो. लक्षात ठेवा, टेरिटोरियल सैनिकांचे जुने चार आकडी क्रमांक १९१७ च्या सुरुवातीला बदलून सहा आकडी केले, त्यामुळे एकाच माणसाचे दोन क्रमांक दिसले तर दोन माणसं समजू नका. मग नॅशनल आर्काइव्ह्जची मेडल कार्डं, दप्तर क्रमांक डब्ल्यूओ ३७२. सर्व्हिस रेकॉर्ड डब्ल्यूओ ३६३ मध्ये, पण सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात त्यातले साधारण ६० टक्के जळाले, म्हणून नाही सापडलं तर तिथेच अडून बसू नका. जिवंत परतलेल्यांसाठी १९११ ची जनगणना आणि १९१८ ची मतदारयादी, गैरहजर सैनिकांची वेगळी यादी निघाली होती, तिच्यात बऱ्याचदा घरचा पत्ता आणि युनिट दोन्ही मिळतं. स्थानिक पेपर तर हवेतच. आणि विंचेस्टरला सर्ल्स हाउसमध्ये रेजिमेंटचं म्युझियम आहे, त्यांना आजच मेल टाका.

पाटीवर १/४ लिहिलंय की २/४ ते पण बघा. १९१४ मध्येच बटालियनच्या दोन झाल्या आणि दोघींचा प्रवास वेगळा आहे.

सातपुडा:
हे हवं होतं. धन्यवाद. नुसतं ४थी लिहिलंय. फ्रान्सला गेले असतील ना हे? सॉमच्या लढाईच्या याद्यांमध्ये बघितलं मी, एकही नाव मिळेना.

दफ्तरखाना:
फ्रान्स नाही! ४थी हॅम्पशायर वेसेक्स डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचं पायदळ आणि तोफखाना ९ ऑक्टोबर १९१४ ला साउदम्प्टनहून हिंदुस्थानात पाठवला, कारण इथल्या गोऱ्या पलटणी युद्धावर न्यायच्या होत्या आणि छावण्या रिकाम्या ठेवायच्या नव्हत्या. टेरिटोरियल सैनिकाला देशाबाहेर जायची सक्ती नव्हती, हे लोक स्वतः कबूल होऊन आले. १/४ हॅम्पशायर मार्च १९१५ ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याला उतरली, तिचं हेडक्वार्टर आणि एक कंपनी तिथेच कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीत पकडली गेली. तुमच्या क्रॉसवाल्यांपैकी काही बसरा मेमोरियलवर नाहीतर बगदादच्या नॉर्थ गेट दफनभूमीत निघतील.

आणि जे पूर्ण युद्ध हिंदुस्थानातच राहिले त्यांना १९१४-१५ चा स्टार हे पदक नाही, कारण इथे असणं म्हणजे रणभूमी धरली नाही. त्यांच्यातल्या जुन्या सैनिकांना टेरिटोरियल फोर्स वॉर मेडल मिळालं, ते फार थोड्यांना मिळालंय. कार्डावर स्टार नाही म्हणजे घरीच बसला असं धरू नका.

खडकीकर:
हिंदुस्थानात वारले असतील तर आमच्याकडे या. खडकी वॉर सिमेट्रीत १९१४-१८ चं मेमोरियल आहे, देशभरातल्या आणि पाकिस्तानातल्या ज्या सिव्हिल आणि छावणीच्या दफनभूमी आता सांभाळता येत नाहीत तिथल्या १,८०० च्या वर सैनिकांची नावं तिथे एकत्र आहेत. मी जवळच राहतो. नावं काढून द्या, मी जाऊन फोटो काढतो.

कृष्णाकाठ:
राग येऊ देऊ नका पण विचारतो. गोऱ्यांच्या पाटीसाठी इतकी धावपळ, आणि आपल्या लोकांचं काय? सातारा जिल्ह्यात घराघरातून माणूस गेलाय मेसोपोटेमियाला. गावात दगड आहे, "या गावातून इतके गेले, इतके मेले", नाव एकाचंही नाही.

दफ्तरखाना:
तुमचं म्हणणं खरं आहे. बसरा मेमोरियलवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा रेजिमेंटखाली फक्त आकडा. २०२१ ला वॉर ग्रेव्हजच्याच कमिटीच्या अहवालात हे मान्य केलंय. पण ह्यांचं लिहिलं म्हणून त्यांचं पुसलं जात नाही.

सातपुडा:
कृष्णाकाठ, राग अजिबात नाही. कुतमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या ना? म्हणजे ह्या हॉलमधली माणसं आणि तुमच्या जिल्ह्यातली माणसं एकाच वेढ्यात मोजक्या पिठावर दिवस काढत होती. मी गावातल्या लायब्ररीत ह्याचं जे काही लावेन त्यात त्या तीन पलटणींची नावं असतील. तुमच्या गावच्या दगडाचा फोटो द्या, शेजारी लावतो.

कृष्णाकाठ:
देतो. मुलाला सांगतो काढायला.

भुसावळ_जंक्शन:
अवांतराबद्दल क्षमस्व, पण असली भानगड आपल्याकडे पण होती. जीआयपी रेल्वेच्या व्हॉलंटियर रायफल्स होत्या, रेल्वेतले युरोपियन आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड वगैरे रविवारी परेड करायचे. १९२० नंतर ऑक्झिलरी फोर्स म्हणायचे, स्वातंत्र्यानंतर बंद. माझे आजोबा लोकोशेडमध्ये होते, ते सांगायचे परेडच्या दिवशी शेड शांत असायची. कोणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या इमारतींचे जुने नकाशे बघितलेत का?

मुळशीकर:
लोणावळ्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये काय सुंदर लाकडी फ्लोअर होता पूर्वी, आम्ही बॅडमिंटन खेळायचो.

रानवारा:
माझ्या पणजोबांचं एक मेडल घरात आहे, गोल, चांदीचं, राजाचं तोंड. त्याची पेन्शन वगैरे काही लागू होते का अजून?

दफ्तरखाना:
पेन्शन नाही. पण मेडलची कडा भिंगाखाली बघा, क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आणि पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. वेगळा धागा काढा, सांगतो.

सातपुडा:
धागा भरकटू देऊ नका हो. शनिवारची यादी अशी केलीये: टेप, वही, टॉर्च, मास्क, आधी पाटी मग छत मग रेंज. पाटीचा फोटो तर काढतोच, पण पाटीचं काय करायचं? साइटवाला म्हणतो उचलून न्या. नेऊ का?

जुनी_वीट:
तसं नेऊ नका. मालकाकडून दोन ओळींचा मेल घ्या की पाटी कोणाला देतोय, मग काढा. काढण्याआधी जागेवरचा फोटो, कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंच, आणि पाटीची मागची बाजू सुद्धा, सुताराचं नाव किंवा तारीख मागे असते कधी कधी. ओल्या फडक्याने पुसू नका. म्युझियमने नाही घेतली तर काउंटीचं रेकॉर्ड ऑफिस किंवा चर्च. आणि इम्पीरियल वॉर म्युझियमच्या वॉर मेमोरियल्स रजिस्टरमध्ये पाटीची नोंद आहे का बघा, नसेल तर तुम्हीच पाठवा, हलवलेल्या स्मारकाची नवी जागा पण ते नोंदवतात.

आकाशगंगा:
आणि पाटीला फ्लॅश मारू नका, चकाकी येते. टॉर्च बाजूने तिरका धरा, पुसट झालेली अक्षरं उठून दिसतात.

जुनी_वीट:
हे मात्र अगदी बरोबर.

सातपुडा:
मालकाला मेल टाकला. म्युझियमला पण. आधीच्या ओझरत्या फोटोवरून क्रॉसवाल्यांची आठ नावं वाचता आली, त्यातली तीन बसऱ्याला सापडली, एक खडकीच्या मेमोरियलवर. खडकीकर, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतोय.

खडकीकर:
आला व्यनि. वॉर ग्रेव्हजच्या साइटवर त्या नावापुढे फेस नंबर, म्हणजे मेमोरियलच्या कुठल्या बाजूवर नाव आहे तो आकडा, दिलेला असेल, तो पण पाठवा, म्हणजे शोधत फिरायला नको. रविवारी सकाळी जातो.

टेम्सकाठ:
लिस्टिंग नाकारल्यावर रिव्ह्यू मागता येतो बरं का, २८ दिवसांत.