मदत हवी आहे: टेक्ससमध्ये विक्रीकराचा पैसा महामार्गांसाठी राखून ठेवण्याची प्रक्रिया

नमस्कार मंडळी,

टेक्ससमधल्या जाणकारांची मदत हवी आहे. पहिल्यांदाच मतदान करणाऱ्यांसाठी आमच्या मंडळाने माहितीसत्र ठेवलंय आणि राज्यघटनेतल्या दुरुस्त्यांचा भाग माझ्याकडे आलाय. उदाहरणासाठी २०१५ चं प्रपोझिशन ७ (मतदारांपुढे मंजुरीसाठी ठेवलेला घटनादुरुस्तीचा प्रस्ताव) घेतलंय.

मला समजलेलं असं: विक्रीकराचे वर्षातले पहिले २८ अब्ज डॉलर राज्याच्या तिजोरीत, त्यापुढचे अडीच अब्जांपर्यंत महामार्ग निधीत, आणि त्याहून जास्त जमले तर ते पुन्हा तिजोरीत. २०२० च्या आर्थिक वर्षापासून गाड्यांच्या विक्री आणि भाड्यावरच्या करातही ५ अब्जांपुढच्या रकमेचे ३५ टक्के निधीला. यातला पैसा टोलच्या रस्त्यांना वापरता येत नाही, आणि ही अट मला फार मोलाची वाटते. याची गरज का पडली तेही स्पष्ट आहे. पेट्रोलवरचा राज्याचा कर १९९१ पासून गॅलनला २० सेंटच आहे, आणि त्यातला चौथा हिस्सा शाळांना जातो.

प्रक्रियाही लोकांना नीट सांगायची आहे. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी ठराव, मग थेट मतदारांचा कौल. गव्हर्नरची सही लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात १९७५ मध्ये व्यवसाय कर आणून तो रोजगार हमीसाठी ठेवला, तो साध्या कायद्याने. इथे घटनेतच लिहून घेतलं, कारण साधा कायदा पुढच्या अधिवेशनात साध्या बहुमताने बदलता येतो.

पण त्याच दुरुस्तीत एक पळवाट दिसते. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ठरवलं, तर निधीत जाणारी रक्कम निम्म्यापर्यंत कमी करता येते. त्यासाठी पुन्हा मतदारांकडे यावं लागत नाही, असा मी अर्थ लावलाय. बरोबर आहे का? लोकांनी ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर केलेली गोष्ट त्यांना न विचारता अर्धी होऊ शकत असेल, तर ते सत्रात ठळकपणे सांगायलाच हवं.

दुसरं, मूळ मजकुरात विक्रीकराच्या भागाला २०३२ आणि गाड्यांच्या कराला २०२९ ची मुदत आहे, आणि विधिमंडळ ती साध्या बहुमताने दहा-दहा वर्षांनी वाढवू शकतं. ती वाढवली असेल तर ठरावाचा क्रमांक कुणी देईल का?

आणि पैसा निधीत जमा झाला तरी खर्चासाठी अर्थसंकल्पात वेगळी मंजुरी लागते का? ऑस्टिनमध्ये विधिमंडळाचं किंवा परिवहन खात्याचं काम जवळून पाहिलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. अधिकृत कागदाचा दुवा दिलात तर तो सत्रात तसाच दाखवेन.